लाल दगडाची भट्टी

पहिली निवडणूक होऊन गेली त्या उन्हाळ्यात मी माझ्या हातानं भट्टी बिघडवली. आमचं घर घुग्घुसजवळचं, चुना भाजणाऱ्यांचं. नवरा तापानं फणफणलेला, म्हणून खाणीतला दगड मी निवडला. राखी दगडावर घण नुसता उडायचा. लाल दगडाच्या मात्र अलगद फरश्या निघायच्या. मी लाल भरला. आळसच होता तो, पण शहाणपण म्हणून मिरवला.

भट्टी निवाली, दगडावर पाणी घातलं, तर चुना फुललाच नाही. ढेकळं ढिम्म. गावच्या तलावाचं पाणी सोडायचं दगडी तोंड फुटलं होतं आणि गवंडी आमच्या चुन्यासाठी खोळंबला होता. पावसाआधी ते बांधलं नाही तर तलावात पाणी ठरणार नव्हतं. मग धान नाही नि मासोळीही नाही. सासूनं माझ्याशी बोलणंच टाकलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी खाणीवर दगड तपासणारा एक सरकारी माणूस आला होता; त्याला मी फसलेल्या भट्टीचं सांगितलं. बाटलीतलं तेजाब त्यानं थेंबथेंब टाकलं. राखी दगडावर ते फसफसलं, लालवर जेमतेम.

"बाई, हा सगळा समुद्राचा तळ आहे."

"समुद्र? इथी? मले येडी समजून राह्यले का भाऊ?"

तो चिडला नाही. खाणीच्या भिंतीवर बोट फिरवत सांगू लागला. पाणी नितळ होतं तेव्हा तळाशी निव्वळ चुना बसत गेला, तो राखी थर. मग हवापाणी पालटलं, नद्यांनी गाळ आणला, त्यातलं लोखंड गंजलं, तो लाल. काळा थर बसला तेव्हा तळाशी हवाच पोचत नव्हती.

"समुद्राचं काय काय झालं ते इथं थरांत राहिलंय. तुम्ही अर्धी मातीच भाजलीत."

मला असा संताप आला! कुण्या काळच्या नदीनं गाळ आणला आणि अबोला माझ्या वाट्याला. त्या संतापातच राखी दगड फोडला. तळहात सोलून निघाले.

दुसरी भट्टी निवाली. पाणी ओतलं. काहीच नाही. मग एक ढेकूळ तडकलं, सूं करून वाफ उठली आणि बघता बघता सगळा ढीग पांढराशुभ्र फुलत गेला. मी तिथंच खिळले. सासूनं माझा दंड धरून ओढलं.

"मांगं सर ना वं पोरी, पोळशील!"

आठ दिवसांतलं तिचं ते पहिलं बोलणं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.