बांधापलीकडचा मका

सुंदरा माझी धाकटी जाऊ. तिचं चालणं, हसणं, मका भाजणं, मला काहीच बघवत नाही.

आमच्या वैशाखरे गावात माळशेजच्या रस्त्यावर पंधरा वर्षं मी गावठी मका भाजून विकते. सुंदरा तानसाकडची. लग्न होऊन आली तेव्हा निखाऱ्यावर कणीस फिरवताना बोटं भाजून घ्यायची. तीन वर्षांपूर्वी तिनं वाटणीच्या तुकड्यात स्वीटकॉर्न लावला आणि माझ्या शेजारीच पाल टाकलं. दाण्याला नख लावायचं, दूध उडालं तरच कणीस तोडायचं, गिऱ्हाइकाला एक दाणा फुकट चाखवायचा. झालं! गाड्या माझ्यासमोर हळू व्हायच्या आणि थांबायच्या तिच्यापुढे.

गेल्या साली वैशाखात तिनं विहिरीच्या पाण्यावर पेरलं, त्याच दिवशी मीही पेरलं. आमच्यात एकच बांध. माझा मका तिच्याहून उंच दिसावा म्हणून मी तो अगदी बांधाला चिकटून लावला. रोज सकाळी तिच्या कणसांकडे बघत मनात म्हणायची, वाटोळं होवो तुझं.

आषाढात गिऱ्हाईक परत येऊन तिच्याशी भांडू लागलं. दाणे पिठूळ, गोडी नाही. गावात कुजबुज झाली, बाळीची, म्हणजे माझी, नजर लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं. मग माझा दीर देवजी ती कणसं गुरांपुढे टाकताना दिसला, सुंदरा मीठ-मिरच्या ओवाळताना दिसली, आणि मी घाबरले. पण आतून फुगलेसुद्धा. माझ्या नजरेत एवढं बळ!

सुंदरानं बोलावलेल्या मुरबाडच्या बियाणेवाल्यानं ते बळही काढून घेतलं. "गावठी मक्याच्या तुऱ्याची पूड हिच्या कणसांवर पडली, म्हणून गोडी गेली," तो म्हणाला. "लांब लावा, नायतर महिन्याच्या फरकानं पेरा."

मी पदर खोचून भांडणाला तयारच होते. संध्याकाळी सुंदरा ओट्यावर आली.

"बाय, तुमी मोठ्या. पुढल्या साली तुमी आधी पेरा, मी महिन्यानं पेरीन. आषाढातली गर्दी तुमाला."

पावसात घाट बघायला येणाऱ्यांची ती गर्दी म्हणजे आमची वर्षाची कमाई. "नको गो, तूच आधी पेर," एवढं म्हणायला हवं होतं. मी नुसतं "बरं" म्हणाले. चांगुलपणातही तिनं मला मागं टाकलं, याचाच राग जास्त आला.

यंदा आषाढात रस्त्यावर मी एकटीच. तिचा मका नुकता तुऱ्यावर आलेला. रविवारी पहिली गाडी थांबली.

"ती गोड मकेवाली बाई कुठंय?"

"ती श्रावणात येल."

काच वर गेली. दुसरी गाडी तेच विचारून गेली. तिसरीही.

चौथी थांबली तेव्हा मी विचारायची वाट पाहिली नाही.

"गोड मका हवा तर महिन्यानं या," मी म्हणाले. "माज्या जावेचा हाय. लय चांगला असतो."