काचेवरचे पांढरे ठिपके

सकाळचं ऊन आलं की आमच्या खिडकीच्या काचेवर पांढरे ठिपके उठून दिसायचे. थेंब कधीच वाळून गेलेले, त्यांच्या कडा तेवढ्या उरलेल्या.

काचा पुसायला दत्तूभाऊ महिन्यातून एकदा येतात. गेल्या खेपेला या ठिपक्यांवरून मी त्यांना शेजाऱ्यांसमोर फाडफाड बोलले.

"ताई, तुमच्या नळाचं पाणी बदललंय," ते म्हणाले.

"पाण्यावर ढकलू नका."

ते पुन्हा काच पुसू लागले.

चार दिवसांनी चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर दिसला. मग स्टीलच्या पेल्यांवर. उन्हाळा म्हणून सोसायटीने टाकीत बोअरचं पाणी सोडायला सुरुवात केली होती. तशी नोटीस खाली जिन्यापाशी लावलेली होती. मीच वाचली नव्हती. पाण्यातला क्षार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाणी उडून जातं, तेव्हा कुठे तो उमटतो. रागाच्या भरात बोललेलंही असंच मागाहून दिसत असावं.

आज दत्तूभाऊ आले ते घरून पाण्याचा कॅन घेऊन, तीन जिने चढून. लिंबू चोळून त्यांनी ठिपके काढले, आपल्या पाण्याने काच धुतली, कोरडी केली. एक डाग राहिला नाही.

चुकलंच माझं, असं म्हणायचं मी सकाळपासून ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बघा, नीट पुसलं की निघतात ना!"

"हो ताई," म्हणत त्यांनी रिकामा कॅन उचलला.