दातिवऱ्याची आई

पालघरच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो, तेव्हा दातिवऱ्याची एक कोळीण दर महिन्याला आपलं बाळ घेऊन यायची. पोटुशी असताना तिच्या अंगावर पुरळ उठून ताप आला होता आणि त्याची बाधा पोटातल्या बाळाला झाली होती. मी बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवायचो. सात महिन्यांचं झालं तरी त्याची मान मागेच लोंबायची. आई चटकन मानेखाली तळवा धरायची.

एकदा थकून मी म्हणालो, "बाई, हा मान धरेलच असं नाही. इतक्या लांबून कशाला येता?"

"तुमी त्याला उठवता ना," ती म्हणाली. "घरी सगली निजवूनच ठेवतात."

मान त्याने कधीच धरली नाही. पण त्यानंतर दर खेपेला मी त्याला थोडा वेळ मांडीवर बसतं धरायचो. तेवढ्यात ती भिंतीला टेकून डोळे मिटून घ्यायची.