शिळं पाणी

अंगणात आला की तो आधी चपला काढायचा. देवदर्शनाला नव्हे, ओल शोधायला. अनवाणी चार पावलं टाकायचा आणि म्हणायचा, "वैनी, हितं पानी मारलंय. डोळ्याला दिसत न्हाय, पर पायाला कळतंय की."

पाणीखात्यातला हा माणूस राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडायचा. सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात नदीची धार पार आटली. भोंगा लावलेली रिक्षा फिरून गेली: बागेला नळ लावू नये, अंगण धुऊ नये, पाणी वाया घालवल्यास नळ तोडला जाईल. तोडायचं काम त्याचंच. तो कोपऱ्यावर दिसला की बायका बादली पदराआड लपवायला बघायच्या. पदराआड बादली मावते थोडीच!

पण त्याचं खरं भांडण शिळ्या पाण्याशी होतं. तुम्हीही बघितलं असेल, नळ आला की कालचे हंडे मोरीत ओतायचे, घासायचे आणि ताजं भरायचं. आम्ही सगळ्याच तसं करायचो. तो त्या हंड्यातलाच तांब्या भरून घटाघटा प्यायचा.

"बगा. मेलो का? पानी शिळं हुत न्हाय, वैनी."

आम्ही हसायचो आणि त्याची पाठ वळली की हंडा ओतायचो.

एका सकाळी मी कालचे दोन हंडे माझ्या वाळत चाललेल्या अबोलीला घातले आणि वरून कोरडी माती पसरली. तो आला. चपला काढल्या. अबोलीपाशी थांबला. आता आपला नळ जाणार, असं मी धरूनच चालले. पण तो पायरीवर मटकन बसला.

"ह्या चढावरच्या गल्लीत ऱ्हातो मी," तो म्हणाला. "चार दिस झालं, तितं थेंब न्हाय. खालच्यांनी भरल्यालं वतून परत भरलं, तर पानी वर चढायचं कसं? बायकू तापानं फणफणलीया. कपाळावर घडी ठिवायची म्हटलं तर फडकं भिजवायला पानी न्हाय."

मी भरलेली घागर पुढं केली. "घेऊन जा की आत्ता."

"आन् शेजारची पोरं काय माझं तोंड बगत बसतील? घागर नगं वैनी. धा मिंटं आदी नळ बंद करा. समद्यांस्नी सांगा. हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. लोकांचे नळ तोडणारा माणूस माझ्या पायरीवर रडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शेजारणींना सांगितलं. "त्याचं रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. मीही जास्त ताणून धरलं नाही, याची लाज अजून वाटते. पुढचे दोन दिवस तो दारोदार हात जोडत फिरला. तिसऱ्या दिवशी आम्हालाही नळ आला नाही. काय अडकलंय ते बघायला तो भर दुपारी चढावरच्या व्हॉल्व्हवर वाकला आणि तिथंच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला शेवटची अंघोळ घालायला त्याच्या घरात पाणी नव्हतं. आम्ही बायका कंबरेवर घागरी घेऊन तो चढ चढलो. आमच्याकडे होतं ते कालचंच. न ओतलेलं.

त्याला नेल्यावर दोन घागरी भरलेल्या उरल्या. मयताच्या घरातलं पाणी ठेवत नाहीत, म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आत्यानं एक घागर मोरीकडे ओढली. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती तापल्या अंगानं सरकत पुढं आली आणि तिनं घागरीचा काठ धरला.

"वतू नगा आत्या. पानी शिळं हुत न्हाय, हे म्हनायचे."

आणि तिनं त्यातलाच तांब्या भरून तोंडाला लावला.