लेंगीच्या चालीवर गो-वेंट-गॉन

इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, “‘राइट’चा पास्ट टेन्स सांग.” थावरा उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. मान खाली, आणि उजवा पाय मात्र हलकेच जमिनीवर ताल धरतोय.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. ‘सांगितलं होतं ना, बाई’ असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी मनात म्हटलं, बघत बसा.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कळंबजवळच्या एका गावात मी आठवीला इंग्रजी शिकवत होते. वर्गात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पाच मुलं होती, थावरा त्यांतलाच. घरी त्यांची गोरबोली, गावात वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच मराठी, आणि वर माझी इंग्रजी. सहामाहीत पाचही जण इंग्रजीत नापास झाले. हेडमास्तरांनी फर्मान काढलं की इन्स्पेक्शनला यांना इंग्रजी आलं नाही तर पाचही जणांना परत सातवीत बसवायचं. थावराचे वडील शाळेत येऊन मला सांगून गेले, “बाई, पोरगं मांगं ढकललं तं मी त्याले ढोरामांगं धाडन. मंग काहून धाडलं म्हणू नका.” बोलणं सरळ होतं. म्हणजे पोरांची शाळाच सुटणार होती. माझं तर डोकंच फिरलं.

अडत होतं ते इर्रेग्युलर व्हर्ब्जपाशी. इंग्रजीत बहुतेक क्रियापदांना ‘ईडी’ लावलं की भूतकाळ होतो. काही मात्र ऐकत नाहीत. आपलंही तेच आहे. आपण ‘जातो’ म्हणतो, पण काल ‘गेलो’ म्हणतो, ‘जालो’ कोणी म्हणत नाही. आपल्याला ते आईकडून येतं. या पोरांची आई इंग्रजी कुठून बोलणार? पाठ करण्यावाचून इलाज नव्हता. दहा-दहा वेळा लिहून घेतलं, ओरडले, गोड बोलले. सकाळी पाठ यायचं आणि दुपारी डोक्यातून जायचं.

होळी जवळ आली होती. एका मधल्या सुट्टीत शाळेमागून गाण्याचा आवाज आला. बघते तर हे पाच जण गोल करून लेंगी म्हणत होते. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. गाणं संपता संपेना, आणि एक शब्द कुठे अडेना. अरे वा रे पठ्ठे! यांना पाठ होत नाही असं कोण म्हणतं?

मी म्हटलं, “याच चालीत माझी क्रियापदं बसवा.”

थावरा म्हणाला, “बाई, हे चालते शाळेत?”

“न चालायला काय झालं? बसव.”

बसवलं त्यांचं त्यांनीच. गो-वेंट-गॉन पहिलं, कम-केम-कम दुसरं, अशी लांबलचक माळ. आठवड्यात तोंडपाठ. हेडमास्तरांनी खिडकीतून ऐकलं आणि आत येऊन म्हणाले, “बाई, ही शाळा आहे का तांडा?” मी म्हटलं, “सर, इन्स्पेक्शनला बघा.” फार जोरात म्हटलं होतं.

आणि आता साहेबांसमोर थावरा नुसताच पायानं ताल धरून उभा.

हेडमास्तर घाईनं म्हणाले, “साहेब, हा तांड्यावरचा आहे. दुसऱ्याला विचारा.”

“थांबा,” मी म्हटलं. “त्याला येतं. गाणं अजून तिथवर पोचलं नाही.”

“कसलं गाणं?” साहेब म्हणाले.

तेवढ्यात थावराचा पाय थांबला. “राइट, रोट, रिटन!”

साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “पाठ झालं. कळलंय का? मी काल शाळेत आलो, हे इंग्रजीत सांग.”

“आय केम टू स्कूल यस्टरडे.” झटक्यात आलं. ‘कम’ गाण्यात दुसरंच होतं ना!

“हे लगेच, आणि ‘राइट’ला एवढा वेळ?”

थावरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मधूनच म्हणता येत नाही, पहिल्यापासून यावं लागतं, ‘राइट’ पार शेवटी आहे.

“मग परीक्षेत काय करशील?”

“साहेब, पेपर तीन घंट्याचा राह्यते. गाणं पाच मिनिटाचंच हाय.”

साहेब खो खो हसले. वर्ग हसला. हेडमास्तरही हसले, जरा उशिरा. मग साहेबांनी अख्खी लेंगी म्हणायला लावली. पाच जण टाळ्या वाजवत म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती.

जाताना साहेब हेडमास्तरांना म्हणाले, “पाचही जण आठवीतच राहू द्या.” राहिले. वार्षिकला पाचही पास झाले, आणि थावरा पुढे मॅट्रिक झाला.

मी मात्र त्या दिवशी धडा घेतला. क्रियापदं गाण्यात बसवायला काहीच हरकत नाही. फक्त इन्स्पेक्टर हमखास विचारतात ती पहिल्या कडव्यात घालावीत.