मॅडमची जामीन

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. चौथीनंतर पेन हातात आलं ते सह्या करण्यापुरतंच. ही वही कुणी उघडलीच, तर सांभाळून घ्यावं.

मी कुवेतमध्ये, फहाहीलला एका अमेरिकन मॅडमकडे स्वयंपाक करते. मॅडम शाळेत शिकवतात. त्यांच्या देशातही शिकवायच्या, पण तिथे मास्तरणीच्या पगारात घरभाडं आणि कॉलेजच्या कर्जाचा हप्ता, दोन्ही बसेना. वय पंचेचाळीस आणि कर्ज अजून कॉलेजचं! माझी शाळा सुटली तेव्हा बाबा रडले होते. उगाच रडले.

फेब्रुवारीत एकदा मॅडम ओट्याशी उभ्या राहून डोळे पुसायला लागल्या. तिकडे त्यांची आई जिन्यावरून पडली होती. अँब्युलन्सने गावातल्याच दवाखान्यात नेलं, तर नुसत्या गाडीचं बिल मॅडमच्या महिन्याच्या पगाराएवढं.

"विमा नव्हता?" मी विचारलं.

"होता. ती अँब्युलन्स विम्याच्या यादीत नव्हती."

म्हणजे म्हातारीने शुद्ध हरपण्याआधी यादी वाचायला हवी होती.

मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही बायका अडीनडीला काय करता?" मी भिशी सांगितली. आठ बायका, महिन्याला पन्नास दिनार, दर महिन्याला एकीला चारशे. एक बाई गावी परतल्याने शेवटचा, सप्टेंबरचा नंबर रिकामा होता. पहिला माझा, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. फी सप्टेंबरात भरायची होती. मॅडमनी नंबर बदलून मागितला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. माझं नेहमीच असं होतं.

शुक्रवारी त्यांना भिशीवाल्या वहिनींच्या खोलीवर नेलं. मॅडमनी फाइल आणली होती. पगाराची चिठ्ठी, पासपोर्टची झेरॉक्स.

"आमच्याकडे कर्ज फेडण्याचे मार्क असतात," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझे कमी आहेत."

"मार्क राहू देत. ही जामीन आहे ना!" वहिनी म्हणाल्या.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी जामीन आहे हे मला तेव्हाच कळलं.

"व्याज किती?" मॅडमनी विचारलं.

"व्याज नाही. चहा मात्र पूर्ण प्यायचा."

पहिले चारशे मॅडमनी नेले. जूनपर्यंत त्यांचे हप्ते वेळेवर आले. जुलैत शाळा बंद झाली आणि मॅडम आईकडे गेल्या. दोन महिने ना फोन, ना पैसे. त्यांचे शंभर दिनार मी भरले. त्या दोन महिन्यांत घरी काहीच पाठवलं नाही.

"गेली गं तुझी मॅडम!" भिशीतली एक म्हणाली. "सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारा देश, आणि पन्नास दिनारला गायब!"

"इतकी शिकलेली बाई बुडवेल कशी?" मी पुटपुटले.

"शिकलेलीच बुडवतात, बाय. आपल्याला कुठे जमतं!"

"आता पोरीची फी त्यांच्या राष्ट्राध्यक्षाकडे माग."

मी हसले. खोलीवर येऊन मुलीला फोन लावला आणि काही न सांगता ठेवला.

सप्टेंबरात मॅडम आल्या, वाळलेल्या. आईच्या औषधांपायी फोन बंद करावा लागला होता म्हणे. शेवटी तिकडची आपली जुनी गाडी विकली. दीडशे दिनार माझ्यापुढे ठेवले. पन्नास या महिन्याचे, शंभर माझे.

"मोजून घे," त्या म्हणाल्या.

मला लाज वाटली, तरी त्यांच्यासमोरच दोनदा मोजले. पूर्ण होते.