दातांनी ऐकणारा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या गॅरेजात मी माझी म्हातारी गाडी सोडतो आणि शेजारच्या अमेरिकन स्पोर्ट्स कारपाशी असा उभा राहतो, जणू तीच माझी. तिचं इंजिन सीटच्या मागे असतं, हे मला तिथल्या रत्नागिरीकडच्या मेकॅनिकनं शिकवलं. "वजन मागे, म्हणून मागची चाकं रस्ता सोडत नाहीत, भाऊ." असं काही सांगितलं की तो फडकं झटकून खांद्यावर टाकायचा.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून तो बिघाड शोधायचा. मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "कॉम्प्युटर बाद में, पहले इसका कान!"

यंदा ती मूठ त्यानं दातांत धरली होती.

"भूक लागली काय रे?" मी विचारलं. मग ओरडून विचारलं.

"कान गेले, भाऊ," तो म्हणाला. "दातांतून हाडाला अजून कळतं. मालकाला बोलू नका, व्हिसा त्याच्या हातात आहे."

काल मालक तीच कार मागे घेत होता. अख्खा रस्ता वळून बघतो असा तिचा आवाज, पण मेकॅनिक तिच्या मागे पाठमोरा उभाच. मी माझ्या पोटासकट धावलो आणि त्याला ओढलं.

"माझी चूक," मी मालकाला म्हटलं, "मैंने बातों में लगाया."

मालक मेकॅनिकच्या पाठीमागे गेला आणि त्यानं प्रेमानं विचारलं, "चाय पिएगा?"

मेकॅनिक फडकं झटकत राहिला.